उद्धवराव हॉटेलात बसतात

खामगावच्या पाटबंधारे कचेरीतून उद्धवराव रोहिणखेडकर निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि तीन भाषणं मिळाली. "आता निवांत बसा," असं तिन्ही वक्त्यांनी सांगितलं. कुठं बसा, हे एकानंही सांगितलं नाही.

आणि खरी अडचण तीच होती. घर तसं लहान नव्हतं, पण दुपारी समोरच्या खोलीत प्रेमलाबाईंचा शिवणक्लास भरायचा. प्रेमलाबाई म्हणजे उद्धवरावांच्या पत्नी. नवरा कचेरीत असायचा त्या वेळात त्यांनी वर्षानुवर्षं हा क्लास चालवला होता, आणि नवरा निवृत्त झाला म्हणून क्लासनंही निवृत्त व्हावं, असं त्यांना अजिबात वाटलं नाही. घरातला एकुलता एक कूलर त्याच खोलीत. उद्धवराव पाणी प्यायला म्हणून तिथून गेले, की मशिनींची घरघर आणि बायांचं बोलणं एकदम थांबायचं, आणि ते स्वयंपाकघरात पोचले की मागून हसणं ऐकू यायचं. आतली खोली पत्र्याची. मे महिन्यात तिथं पापड वाळत घातले असते, तर ते भाजूनच निघाले असते.

उद्धवरावांनी जागा शोधली. देवळात गेले, तर तिथं त्यांच्याच वयाचे चारपाच जण एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत बसलेले. वाचनालय दुपारी बंद. मग ते बसस्थानकावर जाऊन बसू लागले, पण तिथं जो तो विचारायचा, "काका, कुठं जायचं?" एकदा तर अशाच एका विचारणाऱ्याचा मान राखण्यासाठी ते नांदुऱ्याच्या गाडीत चढले, नांदुऱ्याला जाऊन चहा प्यायले आणि परतीच्या गाडीनं घरी आले. प्रेमलाबाईंनी विचारलं, "कुठं होते इतका वेळ?" उद्धवराव म्हणाले, "जरा पाय मोकळे करून आलो."

त्याच सुमारास भर बाजारपेठेत, सरकी-ढेपेच्या दुकानांच्या आणि सराफ्याच्या मधोमध, 'हॉटेल श्वेतगंगा इंटरनॅशनल' उघडलं. सात मजले, सगळीकडे काच, आत संगमरवर आणि छताला बैलगाडीएवढं झुंबर. मालक रुईचे मोठे व्यापारी. गावात सगळे त्यांना नुसतं शेठ म्हणत. आपलं गाव मोठं झालं पाहिजे अशी त्यांची इच्छा होती आणि ते स्वतः बहुतेक वेळ सुरतेला असत. 'इंटरनॅशनल' म्हणावा असा पाहुणा अजून कोणी आला नव्हता, पण शेगावला दर्शनाला जाणारी मोठ्या गाड्यांतली माणसं तिथं उतरू लागली होती, आणि गावातल्या पैसेवाल्यांची लग्नं वरच्या हॉलमध्ये लागू लागली होती.

असंच एका लग्नाचं आमंत्रण उद्धवरावांना आलं. कचेरीतल्या साहेबांच्या मुलाचं रिसेप्शन. प्रेमलाबाईंना एक लेहंगा पुरा करून द्यायचा होता, म्हणून उद्धवराव एकटेच निघाले. ठेवणीतला सफारी घातला, भेटीचा डबा काखेत धरला आणि भर दुपारी, लवकर गेलेलं बरं म्हणून, हॉटेलच्या दारात उभे राहिले.

दारात भाऊराव होता. भाऊराव दुसरबीडचा, सहा फूट उंच, मिशा अशा की शेठनं त्या बघूनच त्याला ठेवला होता. अंगात लाल कोट, डोक्याला तुऱ्याचा फेटा. त्यानं टाच आपटून असा काही सलाम ठोकला, की उद्धवरावांनी आधी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. आयुष्यभर साहेबांना सलाम करणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच एवढा मोठा सलाम मिळाला होता. ते आत गेले ते पाठ ताठ करूनच.

आत गार होतं. साधं गार नाही. सबंध अंगाला कोणीतरी "या, बसा" म्हणावं असं गार. काउंटरमागं वैष्णवी नावाची मुलगी उभी होती. नांदुऱ्याची, रोज गाडीनं ये-जा करायची.

"रिसेप्शन कुठं आहे?" उद्धवरावांनी विचारलं.

"हेच रिसेप्शन, सर."

उद्धवरावांनी इकडंतिकडं पाहिलं. "मग माणसं कुठायत?"

"येतील सर. आपण बसा ना."

ते बसले. सोफा इतका मऊ, की बसणं संपता संपेना. एका पोरानं बशीतून गवती चहाच्या वासाचा थंडगार ओला टॉवेल आणून दिला. त्याचं काय करायचं ते उद्धवरावांना कळलं नाही, म्हणून त्यांनी तोंड पुसलं, मान पुसली आणि घडी घालून परत दिला. मग चिमुकल्या पेल्यात कैरीचं पन्हं आलं. रिसेप्शनची सुरुवात तरी झकास होती. तासाभरानं, नवरा-नवरी काऊन येईनात म्हणून त्यांनी खिशातली पत्रिका काढली, आणि तेव्हा त्यांना कळलं, की लग्न उद्या आहे.

ते गुपचूप उठले. वैष्णवीला म्हणाले, "मी उद्या येतो."

"हो सर, नक्की या," ती म्हणाली. असं ती सगळ्यांनाच म्हणायची. तिला तसं शिकवलंच होतं. पण उद्धवरावांना त्या आधी असं नक्की कोणी बोलावलंच नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी गेले. रिसेप्शनला गेले, जेवले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेले.

मग रोजचंच झालं. जेवण झालं की सफारी, हातात वर्तमानपत्र, आणि उद्धवराव निघाले. खांबाआडचा एक सोफा त्यांनी ठरवून टाकला. कोणाला त्रास नाही, कोणाकडे मागणं नाही. उलट चार दिवसांत त्यांनी झुंबरातले गेलेले तीन दिवे दाखवून दिले, भिंतीवरचं घड्याळ मागं आहे हे सांगितलं, आणि फुलदाणीतली फुलं बदलणाऱ्या मुलाला, "काल पण हीच होती ना बे?" असं विचारून गप्प केलं. कचेरीची सवय होती. हाताखाली माणसं असोत-नसोत, बोलण्यातून ती तयार व्हायची.

आता हॉटेलात कोणालाच माहीत नव्हतं, की हे कोण. भाऊरावला वाटलं, वैष्णवीच्या ओळखीचे असतील. वैष्णवीला वाटलं, भाऊराव एवढा सलाम करतो म्हणजे मोठं कोणी असणार. शेवटी भटारखान्यातल्या सुरतेच्या महाराजानं निकाल दिला: "फुकट बसतात, वर चुका काढतात. शेठचे मामा असणार." झालं. मॅनेजर शौनक पुण्याचा, नवा. शेठचं गणगोत त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तोही जाता-येता वाकून म्हणू लागला, "नमस्कार मामासाहेब, काही हवं नको?"

उद्धवरावांना यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे कोणीही कोणाला मामा म्हणतो. पुण्याच्या पोरानंही इथली रीत उचलली, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. प्रेमलाबाईंनी पहिल्या आठवड्यात विचारलं, "दुपारभर असता तरी कुठं?"

"हॉटेलात बसतो," उद्धवराव म्हणाले.

प्रेमलाबाईंच्या डोळ्यांपुढं आलं ते स्टँडजवळचं कचोरीचं हॉटेल. त्यांनी रात्रीच्या जेवणातून एक पोळी कमी केली. उद्धवराव भुकेले उठू लागले, पण सांगणार कोणाला.

मग शेजारच्या कौशल्याबाईंना खबर लागली. कौशल्याबाईंचा मुलगा बाजारपेठेत मोबाइल दुरुस्त करायचा आणि त्याच्या दुकानातून श्वेतगंगाचं दार दिसायचं. कौशल्याबाई क्लासमध्ये काजं करता करता म्हणाल्या, "प्रेमलाताई, वाईट वाटून घेऊ नका. पण भाऊजी रोज दुपारी त्या मोठ्या हॉटेलात बसून राह्यले म्हणतात. तिथं पहिल्या मजल्यावर बार आहे."

सगळ्या मशिनी थांबल्या.

'बसणं' या शब्दाचा हाही एक अर्थ असतो, हे प्रेमलाबाईंना ठाऊक होतं. फक्त तो आपल्या घरात लागू होईल असं वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. माणूस उन्हातून आला होता, पण घाम नाही. चेहरा शांत. मिशीत हसू. आणि पाणी द्यायला जवळ गेल्या, तर अंगाला कसलासा परका, विलायती वास. तो हॉटेलातल्या रोजच्या ओल्या टॉवेलचा, हे त्यांना कुठलं ठाऊक.

"डोकं दुखते का?" त्यांनी विचारलं.

"नाही बा. उलट आज लय बरं वाटून राह्यलं," उद्धवराव म्हणाले, आणि स्वतःचं मरण स्वतःच लिहून बसले.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही अशा दुपारी प्रेमलाबाईंनी क्लासला सुट्टी दिली, ऑटो थांबवला, आणि सोबत म्हणून कौशल्याबाईंना घेतलं. खरं तर त्या आधीच ऑटोत बसल्या होत्या.

दारात भाऊरावनं सलाम ठोकला. हात कपाळाला लागला आणि काखेतून 'टर्र' असा आवाज आला. प्रेमलाबाईंचं रागातसुद्धा तिकडं लक्ष गेलं. पण त्यांना आधी नवरा सापडायला हवा होता.

तो लगेच सापडला. खांबाआडच्या सोफ्यावर उद्धवराव झोपले होते. तोंड किंचित उघडं, वर्तमानपत्र पोटावर, बूट जोडीनं जमिनीवर, आणि समोर साध्या पाण्याचा पेला. कौशल्याबाईंनी पुढं होऊन पेल्याचा वास घेतला आणि मान हलवली. त्यांची निराशा लपत नव्हती.

प्रेमलाबाई नवऱ्याला हलवणार, तेवढ्यात दाराशी गडबड झाली. शेठ सुरतेहून आले होते. शौनक धावला, बॅग घेतली, आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मामासाहेबांचा जरा डोळा लागलाय. उठवू का?"

"कोणाचे मामा?" शेठ म्हणाले.

"आपले, सर."

शेठ खांबापर्यंत आले. झोपलेल्या माणसाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. आईकडचं, बापाकडचं, सगळं गणगोत आठवून पाहिलं. मग प्रेमलाबाईंकडे वळून आदबीनं म्हणाले, "आपण मामी का?"

"मी यांची बायको," प्रेमलाबाई म्हणाल्या. "पण हे तुमचे मामा कधी झाले, ते मले कोणी सांगितलं नाही."

या आवाजानं उद्धवराव जागे झाले. समोर बायको, शेजारीण, शेठ आणि मॅनेजर असे ओळीनं उभे होते. असं स्वप्न त्यांना कचेरीत असताना पडायचं, फक्त त्यात बायको नसायची. ते उठून उभे राहिले.

शौनकचा चेहरा लाल झाला होता. तरी तो रीत सोडून बोलला नाही. "सर, माफ करा, पण आपण इथं रोज येता ते... कोणाची वाट बघता?"

उद्धवरावांनी खोटं बोलून पाहिलं असतं, पण सुचलं नाही. "पाच वाजायची," ते म्हणाले. "पाचला घरचा क्लास सुटतो."

वैष्णवी काउंटरवरून पाहत होती, तिनं मान खाली घातली. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "काका, बसायला माझी ना नाही. पण काय आहे, इथं माणसं बसायचेच पैसे देतात. तुमच्यासारखे आणखी दहा आले, तर मी त्यांना काय सांगू?"

"बरोबर आहे तुमचं," उद्धवराव म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. सोफ्यावरची उशी सरळ केली. मग उन्हाच्या दिशेनं चालू लागले, पाठ तेवढीच ताठ ठेवून. फक्त चाल जरा भरभर होती.

प्रेमलाबाई मागोमाग निघाल्या, पण दाराशी थांबल्या.

"दादा, हात वर करा," त्या भाऊरावला म्हणाल्या.

"काऊन जी?"

"करा तर खरं."

सहा फुटी भाऊरावनं मुकाट्यानं दोन्ही हात वर केले. आत येणारं एक कुटुंब ते पाहून दारातच थबकलं. प्रेमलाबाईंनी काखेतली उसवण बोटांनी चाचपली आणि मागून आलेल्या शेठना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा कोट कोणी शिवला? नुसत्या उभ्या माणसाच्या मापाचा आहे. माणूस दिवसभर सलाम करते, काखेत कापड सोडायले नको?"

"बाई, रोज रात्री घरी टाके मारतो मी," भाऊराव हात वर ठेवूनच म्हणाला. "आन् रोज दुपारी सलामाला परत उसवते. या साहेबांच्याच टायमाला बहुतेक."

शेठ व्यापारी होते. त्यांनी कोटाकडे पाहिलं, मग प्रेमलाबाईंकडे. "हे नीट होईल का?"

"घरी पाठवा," प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि ऑटोत नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या.

ऑटोत कौशल्याबाई एकट्याच बोलत होत्या. झुंबर केवढं, फरशी कशी, दारूचं काही दिसलं नाही बाई. त्या त्यांच्या घरी उतरल्या, आणि मग समोरच्या रिकाम्या खोलीत नवरा-बायको कूलरपुढं बसले. दुपारच्या वेळी त्या खोलीत ते दोघं असे किती दिवसांनी बसले होते, ते दोघांनाही आठवेना.

"मले काऊन नाही सांगितलं?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"काय सांगू? आपल्याच घरात मले बसायले जागा नाही म्हणून?" उद्धवराव कूलरकडे पाहत म्हणाले. "तुमचं काम चालू असते. बाया मोकळ्या बोलतात. मी आलो की गप्प होतात. मी काय करू, उभा राहू?"

प्रेमलाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. बायांचं ते हसणं त्यांनाही ऐकू यायचं. किंबहुना कधी कधी ते त्यांच्याच एखाद्या वाक्यावर असायचं. त्या उठल्या, चहा टाकला, आणि रात्री पानात न विचारता एक पोळी जास्त वाढली.

दुसऱ्या दिवशी भाऊराव कोटांचं गाठोडं घेऊन हजर झाला. त्याचा एकट्याचा नाही, सगळ्यांचेच कोट उसवत होते. ते झाले, तर पडदे आले. पडदे झाले, तर उशांचे अभ्रे. शेवटी शेठनं निरोप पाठवला, की तळघरात धुलाईच्या शेजारी एक खोली आहे, मशीन देतो, दुपारी येऊन काम करत जा. प्रेमलाबाईंनी दोन दिवस विचार केला असं दाखवलं. मग क्लास सकाळी घेतला, आणि दुपारी डबा घेऊन हॉटेलात जाऊ लागल्या, मागच्या दारानं.

आता उद्धवरावांना सगळं मिळालं. समोरची खोली मिळाली, कूलर मिळाला, दिवाण मिळाला. पहिला आठवडा ते पोटभर झोपले. दुसऱ्या आठवड्यात झोप येईना. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कूलरच्या टाकीत पाणी किती आहे हे इतक्यांदा उठून पाहिलं, की त्यांचं त्यांनाच हसू आलं. घर शांत होतं. कोणी गप्प होत नव्हतं, कारण बोलत असलेलंच कोणी नव्हतं.

एका दुपारी प्रेमलाबाई चष्मा घरी विसरून गेल्या. उद्धवरावांनी तो टेबलावर पाहिला आणि त्यांना इतका आनंद झाला, की सफारी घालायचंही सुचलं नाही. लेंगा-सदऱ्यावरच निघाले. पुढच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या गल्लीनं तळघरात उतरले. प्रेमलाबाई खोलीत नव्हत्या. "जेवणाच्या खोलीत असतील," धुलाईवाला म्हणाला.

ती खोली लांबट, बिनखिडकीची, पलीकडे पाणी तापवण्याचं यंत्र, नुसती भट्टी. एक पंखा होता, पण तो फिरण्यापेक्षा विचारच जास्त करायचा. लांब बाकांवर हॉटेलातली सगळी माणसं जेवत होती. भाऊरावनं कोट काढून खुंटीला लावला होता आणि बनियनवर बसून भाकर कुस्करत होता. वैष्णवी आईनं दिलेला ठेचा सगळ्यांना वाढत होती. शौनकनं तो थोडासा जास्त घेतला होता आणि आता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. प्रेमलाबाई त्याला गूळ देत होत्या.

उद्धवराव दारातच थांबले. चष्मा पुढं केला. "हा विसरला होता."

"या ना मामासाहेब, बसा," भाऊराव सरकून म्हणाला.

"आता कुठला मामासाहेब," उद्धवराव ओशाळून म्हणाले.

"आता जिभेले वळण पडलं, त्याले काय करता? बसा."

शौनकनं डोळे पुसत उठून हात पुढं केला. त्या दिवसाबद्दल त्याला काही म्हणायचं होतं, पण तोंडात गूळ होता. "पाणी पिऊ नका," उद्धवराव त्याला म्हणाले. "पाण्यानं आणखी भडकते. भाकर खा." आणि ते बसले.

मग ते रोजच येऊ लागले. प्रेमलाबाईंचा डबा घेऊन येतात, हे निमित्त. डबा त्या जाताना स्वतः नेऊ शकल्या असत्या, पण त्या आता मुद्दाम विसरतात असं वैष्णवीचं म्हणणं आहे. तिथं उद्धवराव घामानं निथळतात, खांद्यावर पंचा घेऊन बसतात, गाड्यांच्या वेळांवरून वाद घालतात, भाऊरावला मुलीचा अर्ज कसा लिहायचा ते सांगतात, आणि जेवणात चुका काढतात. पंख्याबद्दल त्यांनी शौनककडे तक्रार केली आहे. शौनक म्हणाला, वर कळवतो.

सगळ्यात मोठा वाद आहे तो महाराजाशी. तो सुरतेचा, भाजीत साखर टाकतो. वांग्याच्या भाजीत साखर हे उद्धवरावांना सहन होत नाही, आणि ते त्याला रोज सांगतात. परवा भाजी चांगली झणझणीत निघाली. उद्धवरावांनी दोनदा मागून घेतली आणि आपल्या सांगण्याचा परिणाम झाला म्हणून बाकावरच्या सगळ्यांकडे पाहिलं. प्रेमलाबाईंचं मत असं, की त्या दिवशी महाराज सुट्टीवर होता.